कोपानचे शिलास्तंभ : एका राजमृत्यूचे दोन पाठ

होंडुरासमधील कोपान येथील माया शिलास्तंभांना ‘राजाची व्यक्तिचित्रे’ म्हणण्याचा प्रघात आहे. हे वर्णन अपुरे वाटते. इ. स. ६९५ ते ७३८ या काळात राज्य करणाऱ्या वाशाक्लाहून उबाह काविल याने ज्वालामुखीजन्य मऊ दगडातून आपली प्रतिमा जवळजवळ पूर्णमूर्त कोरवून घेतली खरी. परंतु ७३० च्या ‘एच’ स्तंभावर तो मक्याच्या देवाच्या जाळीदार वस्त्रात उभा आहे. चेहरा राजाचा, वेश देवाचा. ७३१ च्या ‘ए’ स्तंभावरील लेख तर कोपानला तिकाल, कालाकमुल व पालेन्के यांच्या पंक्तीत बसवतो.

पुढे सातच वर्षांनी किरिग्वाच्या काक तिलिव चान योपात या त्याच्याच मांडलिकाने त्याचा शिरच्छेद केला. ग्वाटेमालातील किरिग्वाचे लेख ही घटना आवर्जून नोंदवतात. कोपानच्या, ७५५ मध्ये पूर्ण झालेल्या चित्रलिपी-सोपानाची भाषा मात्र निराळी आहे. तेथील शब्द रणांगणावरील वीरमरण सुचवतात. बळी दिलेल्या बंदिवानाचा मृत्यू नव्हे. शिल्प तेवढे अलंकरण आणि लेख म्हणजे निखळ इतिहास, असे मानणाऱ्या अभ्यासकाने येथे थबकावयास हवे.

विजेत्याने ७७१ मध्ये उभारलेल्या ‘ई’ स्तंभाची एकूण लांबी सुमारे साडेदहा मीटर आहे. त्यावरील चेहरा कोपानच्या धर्तीवर खोल कोरलेला आहे, देह मात्र बराचसा सपाटच राहिला. राजाचा वध करणाऱ्याने शैली त्याचीच स्वीकारली.