हत्तीमनोऱ्यातील करुणा

चित्रकथा म्हणजे दप्तरात दडवून वाचण्याची वस्तू, असा आपल्याकडे समज आहे. 'इंद्रजाल'च्या वेताळावर ज्यांचे बालपण पोसले, तेही मोठेपणी त्याचे नाव ओशाळूनच घेतात. त्यातून ती चित्रकथा तलवारींची आणि चेटकांची असली, तर तिची समीक्षा कशाला, असे आमचे सुज्ञ वाचक विचारतील. त्यांना आमची विनंती एवढीच, की 'कॉनन द बार्बेरियन' या अमेरिकन मालिकेचा चौथा अंक त्यांनी एकदा वाचावा.

कॉनन हा टेक्ससच्या रॉबर्ट हॉवर्ड (१९०६-१९३६) या कथाकाराचा मानसपुत्र. 'विअर्ड टेल्स' मासिकात तो १९३२ साली अवतरला. मार्व्हल प्रकाशनाने १९७० साली त्याला चित्ररूप दिले. संहिता रॉय थॉमसची. हा गृहस्थ पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवीत असे. चित्रे बॅरी स्मिथची, वय अवघे एकवीस. आरंभीच्या अंकांत त्याची रेषा जॅक कर्बीकडून उसनी घेतलेली वाटते. पुढे ती प्रि-राफेलाइट चित्रकारांच्या वळणाची, नाजूक, वेलबुट्टीदार होते.

चौथा अंक, १९७१ सालचा, हॉवर्डच्या 'हत्तीचा मनोरा' या कथेवर आधारलेला आहे. तरुण कॉनन रत्न चोरण्यासाठी याराच्या मनोऱ्यात शिरतो. यारा हा जादूगार पुरोहित. (या कथाविश्वात पुरोहितांची प्रतिमा फारशी उजळ नाही; ते आम्ही हसून सोडून देतो.) मनोऱ्यात त्याला भेटतो हत्तीचे मुख असलेला एक परग्रहवासी: आंधळा केलेला, यातनांनी खिळखिळा झालेला बंदिवान. चाचपडणारी त्याची सोंड कॉननच्या चेहऱ्यावरून फिरते, आणि ज्याने क्षणापूर्वी राक्षसी कोळ्याला ठार केले, त्या रानट्याच्या हातातील तलवार निरुपयोगी ठरते. त्याला लाज वाटते. जणू साऱ्या मानवजातीचा अपराध त्याच्याच माथी आला आहे. बंदिवान त्याच्याकडे मृत्यूचे दान मागतो. कॉनन ते देतो आणि मनोऱ्यातून रिकाम्या हातांनी बाहेर पडतो. चोराच्या कथेचा असा शेवट करायला धैर्य लागते.

ही करुणा येते कोठून? कॉननचा देव क्रॉम जन्मवेळी झुंजण्याचे बळ देतो आणि मग पाठ फिरवतो. त्याला आळवण्यात अर्थ नाही. ज्याच्या देवाला दया ठाऊक नाही, त्याला ती कोणी शिकविली? कथा उत्तर देत नाही. आम्हांला हा प्रश्न अस्वस्थ करतो, आणि म्हणूनच कथा पुन्हा वाचविते.

दोष आहेतच. थॉमसची निवेदने लांबतात. चित्रात स्पष्ट दिसणारी गोष्ट तो शब्दांनी पुन्हा सांगतो. १९७३ साली स्मिथ मालिकेतून बाहेर पडला. त्यानंतर जॉन बुसेमाने कॉननला भरदार देह दिला, पण ते कोवळे आश्चर्य हरपले. बेलीट ही चांचे-राणी काळ्या खलाशांवर देवीसारखे राज्य करते. हॉवर्डच्या काळचा वर्णाहंकार त्यात तसाच उतरला आहे, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. स्त्रियांच्या अंगावरील वस्त्रांविषयी न बोललेलेच बरे.

तरीही याच बेलीटच्या बाबतीत मालिकेने मूळ लेखकाहून अधिक साधले. हॉवर्डने एका कथेत तिला आणले आणि संपविले. थॉमसने तिला १९७६ साली ५८व्या अंकात आणून १९७९ सालच्या १००व्या अंकापर्यंत जगविले. मूळ कथा वाचलेल्यांना तिचा मृत्यू आधीपासून ठाऊक होता. तरीही साडेतीन वर्षे दर महिन्याला ते तिची वाट पाहत राहिले. मरणार हे माहीत असलेल्या माणसाचा सहवास वाचकाला देणे, हे कादंबरीचे काम या स्वस्त कागदावरच्या मालिकेने केले.

ही मालिका १९९३ साली बंद पडली, पण तिचे संग्रह निघाले आहेत. १९७४ साली सुरू झालेले 'सॅव्हेज सोर्ड ऑफ कॉनन' हे कृष्णधवल मासिक अमेरिकन कॉमिक्सच्या आचारसंहितेबाहेरचे असल्याने अधिक उग्र आहे. त्यात बुसेमाच्या चित्रांवर फिलिपाइन्सच्या अल्फ्रेडो अल्काला याने केलेले शाईकाम अवश्य पाहावे. ते अंक मात्र घरातील लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.