घास कोण जुळवतो?

विषयाचं नाव ऐकून काही जण हसले, ते मी पाहिलं. ‘आधुनिक भारतीय रेस्टॉरंट’ म्हटलं की भलीमोठी बशी, मधोमध लिंबाएवढा पदार्थ आणि शेवटी बशीपेक्षा मोठं बिल, हे चित्र डोळ्यांपुढे येतं. (हशा) थट्टा सोपी आहे हो. पण टीका करायची तर आधी एक प्रश्न विचारायला हवा. या जेवणात नवं नेमकं काय आहे?

फेस नवा आहे का? अजिबात नाही. जुन्या दिल्लीत ‘दौलत की चाट’ मिळते, बनारसला तिचीच बहीण ‘मलइयो’. थंडीत दूध घुसळायचं, वर आलेला फेस अलगद काढायचा आणि सकाळीच विकायचा, कारण ऊन चढलं की तो बसतो. सजावट म्हणाल, तर ताटाभोवती रांगोळी काढणाऱ्यांना तिचं नवल काय सांगायचं?

माझ्या मते खरा बदल एकच आहे. घास कोण जुळवतो, तो माणूस बदललाय.

आपलं ताट आठवा. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भाताची मूद, वर वरण-तूप. वाढणारा ताट वाढतो, पण घास जुळवतात ती जेवणाऱ्याची बोटं. एक जण वरणभाताला लोणच्याचा खार लावतो, शेजारचा त्यातच कोशिंबीर कालवतो. चाळीस जणांच्या पंगतीत स्वयंपाक एकच असतो, पण जेवणं चाळीस होतात.

टेस्टिंग मेन्यूत हे उलटतं. शेफने ठरवलेले दहा-पंधरा पदार्थ, शेफने ठरवलेल्या क्रमाने, एकामागून एक येतात. आंबट किती, तिखट किती, कशासोबत काय, सगळं आधीच ठरलेलं. तुम्ही फक्त तोंड उघडायचं.

आता एक गाजलेलं उदाहरण घेऊ. गगन आनंद यांनी २०१० साली बँकॉकमध्ये ‘गगन’ सुरू केलं. २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षं ते आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं होतं. तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ‘योगर्ट एक्स्प्लोजन’. अल्जिनेटच्या पाण्यात दही सोडलं की कॅल्शियममुळे त्याच्याभोवती पातळ पापुद्रा धरतो. चमच्यात डुगडुगणारा पांढरा गोळा येतो आणि तोंडात फुटतो. कारागिरी म्हणून बिनतोड! पण चाटवाल्यासमोर उभं राहून ‘जरा तिखट कमी, दही जास्त’ म्हणण्याची जी मुभा आपल्याला असते, ती इथे संपली. जगातल्या सगळ्यांना तोच एक घास.

पण थांबा, लगेच निकाल देऊ नका. याच गगनमध्ये बरेचसे पदार्थ हाताने खायचे असत. मेन्यू शब्दांऐवजी इमोजींचा होता. एका पदार्थाला तर सरळ ताटली चाटायची, तीही गाण्याच्या तालावर! म्हणजे एका हाताने जे काढून घेतलं, त्यातलं थोडं दुसऱ्या हाताने परत दिलं. मोठमोठ्या हॉटेलांत काट्या-चमच्यांच्या धाकाने आखडून बसलेल्या माणसाला आपली बोटं परत मिळणं ही लहान गोष्ट नाही.

आता दिल्लीचं ‘इंडियन अ‍ॅक्सेंट’ बघा. २००९ साली सुरू झालं, नावारूपाला आणलं शेफ मनीष मेहरोत्रा यांनी. तिथे दौलत की चाट आली ती खोट्या नोटांसोबत. दौलत म्हणून नोटा! पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा येत नाही. कारण कोटी नावावर झाली, पदार्थाबद्दल ती काहीच सांगत नाही. त्या फेसाची गंमत आहे त्याच्या क्षणभंगुरपणात, थंडीत, सकाळच्या घाईत. नोटांच्या विनोदात ते कुठेच नाही. याउलट तिथलीच ब्लू चीज घातलेली छोटीशी नान. नानमध्ये सारण भरायची रीत जुनीच, सारण तेवढं परकं. वेटरने गोष्ट सांगितली नाही तरी चालतं. जिभेला कळतं.

आणखी एक नाव घेतो. फ्लॉइड कार्डोझ, जन्म मुंबईचा, घराणं गोव्याचं, नाव काढलं न्यूयॉर्कमध्ये. २०११ साली अमेरिकेतल्या ‘टॉप शेफ मास्टर्स’ या टीव्ही स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांनी रानटी अळंबी घालून उपमा केला आणि जिंकले. उपमा! आपल्याकडे ‘आज काही सुचलं नाही’ म्हणून जो करतात तो. (हशा) परीक्षकांना तो रुचला. आणि रोज खाणाऱ्याला कळलं की रव्यात एवढी ताकद आहे. नावीन्य म्हणतात ते याला.

तुम्ही म्हणाल, मग ताटच बरं. इतकं सोपं नाही. आपण पंगतीचे गोडवे गातो. पण पंगतीला जात विचारली जायची आणि बायका सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवायच्या. घास जुळवायची मुभा होती, पण पाटावर बसायची मुभा सगळ्यांना नव्हती. रेस्टॉरंटमध्ये जात कोणी विचारत नाही. ऐपत मात्र विचारतात, हेही विसरू नये. म्हणून मला जुनं ताट जसंच्या तसं नकोय. त्यातली एक गोष्ट हवीय, जेवणाऱ्याचा वाटा.

काही ठिकाणी टेस्टिंग मेन्यूच्या शेवटी भात, रोटी, डाळ, लोणचं असं एकदम मांडतात. त्या क्षणी टेबलाकडे बघा. इतका वेळ माना डोलावणारी माणसं एकमेकांना वाट्या सरकवू लागतात, ‘हे त्याच्याबरोबर खाऊन बघ’ म्हणतात. तोवर ती प्रेक्षक होती, आता जेवणारी झाली.

माझी कसोटी एवढीच. उठताना ‘शेफ हुशार आहे’ एवढंच सांगता येत असेल, तर तुम्ही प्रयोग पाहिलात. ‘मी हे असं खाल्लं’ म्हणता आलं, तर जेवलात.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग एवढे पैसे मोजावेत का?)

एकदा जरूर मोजा, परवडत असतील तर. गाण्याच्या मैफिलीला मोजतोच की आपण. फक्त दाद देताना वेटरने सांगितलेली गोष्ट बाजूला ठेवा आणि जिभेला विचारा. ती सहसा खोटं बोलत नाही.