गौळणीतील कृष्ण : बाल्याचा बचाव आणि त्याची हद्द

दूध-दही चोरणाऱ्या, वाट अडविणाऱ्या बालकृष्णाचे समर्थन आपल्याकडे इतक्या सहजपणे केले जाते, की त्याला समर्थनाची गरज का पडावी, हा प्रश्नच सहसा उपस्थित होत नाही. कीर्तनकार सांगतात की, गोकुळचे दूध कंसाच्या मथुरेकडे जाऊ नये, गवळ्यांच्या पोरांच्या मुखी लागावे, म्हणून ही चोरी. हा युक्तिवाद आकर्षक आहे. पण तो मुलाला अकालीच समाजसुधारक करून टाकतो. शिवाय भागवताच्या दशम स्कंधातील आठव्या अध्यायाशी त्याचा मेळ बसत नाही. तेथे गवळणी तक्रार करतात ती अशी : हा धारेच्या वेळेआधीच वासरे सोडतो, चोरलेले दही माकडांना वाटतो, माकडे खाईनाशी झाली की भांडी फोडतो, आणि काहीच हाती लागले नाही तर घरातल्या तान्ह्या मुलांना रडवून पळतो. सारवलेल्या घरात घाण करण्याचाही उल्लेख तेथे आहे. यातून कोणता लोकहिताचा कार्यक्रम काढावयाचा?

दुसरे समर्थन ईश्वरत्वाचे. तेजस्वी पुरुषाला दोष लागत नाही, अग्नी जसा सर्व भक्षण करूनही अग्नीच राहतो, हा शुकाचा खुलासा प्रसिद्ध आहे. परंतु तो येतो तेहेतिसाव्या अध्यायात, रासक्रीडेवर परीक्षिताने घेतलेल्या आक्षेपाच्या उत्तरादाखल. लोण्याच्या चोरीसाठी पुराणकाराला हा खुलासा आवश्यक वाटलेला नाही. का? माझ्या मते, तेथे न्याय करणारी व्यक्ती वेगळी आहे. नवव्या अध्यायात मडके फोडलेल्या मुलामागे यशोदा छडी घेऊन धावते. तो भ्यालेला दिसताच छडी टाकते, पण सोडून देत नाही. ती त्याला उखळीला बांधू पाहते, दोरी दर वेळी दोन बोटे अपुरी पडते, आणि आईची दमछाक पाहून तो बांधून घेतो. अपराध, शिक्षा आणि क्षमा ही तिन्ही घरातच उरकतात. बाल्याचा खरा बचाव हा आहे : मुलाचे कृत्य निर्दोष नसते, त्याचा न्याय मात्र त्याच्यावर प्रेम करणाऱ्या आणि त्याला बांधूही शकणाऱ्या माणसाकडे असतो.

एकनाथांच्या गौळणींत तक्रारीचा हा सूर टिकून आहे. तमाशात मात्र रूपबंध पालटतो. गणानंतर येणाऱ्या गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या असतात. मागणी असते ती दाणाची, म्हणजे वाटेवरच्या जकातीची. जुन्नरच्या प्रेक्षकाला हा शब्द परका नसावा. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचाच, अशी या भागातील समजूत आहे. गंमत अशी, की जकात मागणारा हा 'बाळ' रंगमंचावर मिशा फुटलेला नट असतो. यशोदा तर या खेळात नाहीच. उखळीही नाही. तक्रार ऐकून घेणारे घर नाहीसे झाल्यावर बाल्याचा बचाव कोणाच्या आधारावर उभा राहणार?

नारायणगाव हे राहुट्यांचे गाव. गावोगावच्या यात्रांसाठी फडांची सुपारी येथे ठरते. या गावाच्या विठाबाईंसारख्या (1935–2002) कलावतींनी ही वाट उभी आयुष्य चालली. गौळणीतील स्त्री नुसती अडविली जात नाही, ती सवाल करते, टोमणे मारते, मावशीच्या तोंडून कृष्णाची पार खोड मोडते. गौळणीची सगळी धार या सवाल-जबाबात आहे. म्हणून 'गौळण अश्लील' हा जुना पांढरपेशी निवाडा मला उथळ वाटतो. पण 'शेवटी तो बाळकृष्णच' असे म्हणून त्याला परतवणेही तितकेच सोयीचे आहे. कारण पडद्याबाहेर, सुपारी ठरविताना किंवा खेळ संपल्यावर, वाट अडविणारे प्रेक्षक बाळ नसतात, आणि तेथे कलावतीच्या टोमण्याला ताल धरणारी ढोलकीही नसते. पुराणातील मुलासाठी घडविलेली सवलत हा प्रेक्षक नकळत स्वतःच्या खात्यावर जमा करतो. समीक्षेने तपासावयाचे ते हे हस्तांतर. आणि त्यासाठी गौळणीच्या छापील पदांपेक्षा फडावर प्रत्यक्ष होणारी बतावणी, तिच्यातील मावशीच्या ऐनवेळच्या उत्तरांसह, संहिता म्हणून वाचावी लागेल.