मत्तयातील 'ऋण' आणि अंगुत्तरातील 'इण'

ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना यवतमाळचे नाव अपरिचित नाही. धर्मोपदेशक घडविणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली याच गावी सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतरित होईपर्यंत येथेच होती. पुढे याच जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते निराळ्या आणि दुःखद कारणाने, कापूस उत्पादकाच्या कर्जामुळे व आत्महत्यांमुळे. २००६ साली तत्कालीन पंतप्रधानांनी पश्चिम विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. जेथे तीस वर्षे बायबल शिकविले गेले त्याच मातीत कर्जाचा प्रश्न असा उग्र व्हावा, याचा दोष अर्थातच कोणी त्या ग्रंथाला देणार नाही. परंतु ज्या ग्रंथाच्या मुख्य प्रार्थनेतच कर्जाचा उल्लेख आहे, तो कर्जबाजारी घराला काय सांगतो, हे विचारणे आम्हांस आवश्यक वाटते.

बौद्ध वाचकाने हा प्रश्न का विचारावा, अशी शंका येईल. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात ख्रिस्ती माणसाच्या हाती जसे एक बायबल असते तसा ग्रंथ बौद्धांजवळ असावा, अशी गरज मांडली होती. ज्या ग्रंथाचा आदर्श, निदान आटोपशीरपणापुरता का होईना, त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला, तो आपण ऐकीव माहितीवर स्वीकारू अथवा नाकारू नये.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील प्रभूच्या प्रार्थनेत, जसे आम्ही आमच्या देणेकऱ्यांना सोडले तसे तू आम्हांस सोड, अशा आशयाची याचना आहे. तेथे मूळ ग्रीक शब्द 'ओफेइलेमा', म्हणजे देणे. प्रचलित मराठी बायबलने 'ऋण' हा शब्द प्रामाणिकपणे राखला आहे. हीच प्रार्थना लूकच्या अकराव्या अध्यायात येते तेव्हा 'हामार्तिया', म्हणजे पाप, असा शब्द पडतो. मात्र हा बदल फक्त वाक्याच्या पहिल्या भागात आहे. आपण इतरांना जे सोडायचे, तेथे लूकनेही देणेकरीच ठेवला आहे. येशूच्या बोलीत, म्हणजे अरामी भाषेत, 'होबा' या एकाच शब्दाने देणे आणि पाप ही दोन्ही सांगितली जात. तेव्हा ऐकणाऱ्या गालीलच्या कुळाला ही प्रार्थना केवळ आत्मिक वाटली असेल, असे मानण्यास आम्ही तयार नाही.

मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात या शब्दाची कथा झाली आहे. एका राजाला त्याचा सेवक दहा हजार टॅलेंट देणे लागत होता. त्याला, त्याच्या बायकोला व मुलांना विकून वसुली करण्याचा हुकूम झाला. तो पाया पडला आणि राजाने सर्व सोडून दिले. बाहेर पडताच त्याला शंभर दिनारांचा एक देणेकरी भेटला. त्याने त्याचा गळा धरला व त्याला तुरुंगात टाकले. मजुराचा एका दिवसाचा रोज एक दिनार होता आणि एक टॅलेंट सुमारे सहा हजार दिनारांचा. म्हणजे एकीकडे सहा कोटी दिवसांची मजुरी, दुसरीकडे शंभर दिवसांची. हा आकडा मुद्दाम अशक्य कोटीतला घेतला आहे. आपले देणे फिटणारच नाही, हे ऐकणाऱ्याच्या मनावर ठसावे हाच त्याचा हेतू.

कथेचा शेवट प्रवचनांत बहुधा घाईने उरकला जातो. राजाला हे कळल्यावर तो सेवकाला पुन्हा बोलावतो, दिलेली माफी मागे घेतो आणि पै न पै फिटेपर्यंत त्याला छळ करणाऱ्यांच्या स्वाधीन करतो. येथे दुर्बळाचा गळा धरणाऱ्याला शासन झाले, हे या कथेचे नैतिक सामर्थ्य आहे आणि ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु माफी ही देणाऱ्याच्या मर्जीची वस्तू आहे, हेही येथेच उघड होते.

आता अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातातील इण सुत्त पाहावे. संसारी माणसाला दारिद्र्य हे दुःख आहे, हे तथागत भिक्षूंकडून प्रथम वदवून घेतात. मग एकातून एक निघणारी साखळी येते: दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून 'वड्ढि' म्हणजे व्याज, मग तगादा, मग मागे लागणे, मग बंधन. ही 'वड्ढि' आपल्या खेड्यांत धान्याच्या 'वाढीदिढी'त कालपरवापर्यंत जिवंत होती. त्यानंतर उपमा उलगडते. ज्याच्या ठायी श्रद्धा नाही, लज्जा नाही, वीर्य व प्रज्ञा नाही, तो कायेने, वाचेने, मनाने दुराचरण करतो. ते त्याचे कर्ज. ते लपविण्याची धडपड हे व्याज. सहवासातील सज्जन त्याला बोलतात तो तगादा.

दुराचरणाला कर्जाची उपमा दोन्ही परंपरांनी दिली, परंतु इण सुत्तात सावकार नाही. या कर्जाचा कागद कोणाच्या पेटीत नाही, म्हणून ते माफ करणाराही कोणी नाही. सामञ्ञफल सुत्तात नीवरणे गेलेल्या भिक्षूला कर्ज काढून धंदा केलेल्या माणसाची उपमा दिली आहे. तो धंद्यात यशस्वी होतो, जुने देणे फेडतो आणि वर बायकोसाठी काही शिल्लक राहते. हा आनंद फेडल्याचा आहे. पाया पडून सुटल्याचा नव्हे.

ख्रिस्ती सिद्धान्ताचा पुढील विकास नेमका उलट दिशेने झाला. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात देण्याच्या उपमेचे शास्त्रच बनविले. ईश्वराचे देणे मनुष्याने फेडले पाहिजे, पण ते फेडण्याची शक्ती ईश्वरातच आहे, म्हणून ईश्वर मनुष्य झाला, असे ते शास्त्र. त्याच्या मुळाशी आदिपाप आहे, म्हणजे आपण न काढलेले कर्ज. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी लिहिताना बाबासाहेबांनी याच ठिकाणी बोट ठेवले होते. हिंदू असताना त्याला सांगितले जाई की, तुझी अवस्था तुझ्या पूर्वकर्मामुळे आहे; ख्रिस्ती झाल्यावर सांगितले जाते की, ती पूर्वजाच्या पापामुळे आहे. त्याला पिळणारी समाजरचना दोन्ही वेळा नामानिराळी राहते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मतो, हेही येथे आठवावे. शेतकरी कर्जात जन्मतो आणि कर्जात मरतो असे सहानुभूतीने म्हणणारेही, नकळत, कर्जाला जन्माचा गुणधर्म ठरवीत असतात. सर्वच वेदना पूर्वकर्मामुळे होतात हे मत तथागतांनी सीवक सुत्तात स्पष्ट शब्दांत नाकारले आहे. तरी आपल्याही उपासकांच्या तोंडी 'मागच्या जन्मीचे देणे' अधूनमधून येते. तेव्हा केवळ ख्रिस्ती शेजाऱ्याकडे बोट दाखवून भागणार नाही.

तथापि बायबल म्हणजे केवळ पौल आणि अँसेल्म नव्हेत. आमच्या मते रोजच्या व्यवहाराला त्यातील सर्वांत उपयोगी भाग मोशेच्या नियमशास्त्रात आहे, आणि नेमका तोच कमी वाचला जातो. दर सातव्या वर्षी देणे सोडावे. गहाण म्हणून जाते अथवा जात्याची वरची तळी घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखे आहे. गहाण घेण्यास देणेकऱ्याच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. गरिबाचे पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे. सातवे वर्ष जवळ आले म्हणून हात आखडता घेऊ नये, असेही बजावले आहे. पळवाट कोठे निघणार हे त्या नियमकर्त्याला ठाऊक होते. ती निघालीच. पुढे हिल्लेलने 'प्रोझबुल' नावाचा दस्त रूढ करून देणे सातव्या वर्षानंतरही वसूल करता येईल अशी सोय केली. परक्याकडून व्याज घेण्यास हे शास्त्र मुभा देते, हा त्याचा मोठा दोष. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात मात्र दुष्काळात शेते आणि मुले गहाण टाकलेले लोक आक्रोश करतात, आणि तो अधिकारी सरदारांना भर सभेत शेते व व्याज परत करावयास लावतो. हा अध्याय यवतमाळात वाचताना भाष्याची गरज पडू नये.

सावकाराला उद्देशून इतके नेमके नियम आपल्या निकायांत आम्हांस आढळत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. इण सुत्त देणेकऱ्याशी बोलते. कर्जदाराला प्रव्रज्या देऊ नये हा विनयाचा नियमही धनकोचा हक्क सांभाळतो. धनकोच्या दाराशी उभे राहून बोलणारे वचन शोधावे लागते. राजाशी मात्र कूटदन्त सुत्त बोलते: जे शेती व गोपालन करू इच्छितात त्यांना राजाने 'बीजभत्त', म्हणजे बियाणे आणि अन्न, पुरवावे. हे माफीच्या आधीचे पाऊल आहे. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा होती, त्यामुळे विदर्भातील कोरडवाहू शेतकरी मोठ्या संख्येने तिच्याबाहेर राहिला. खाजगी सावकाराचे देणे तर तिच्या कक्षेतच नव्हते. २०१९ च्या राज्याच्या योजनेच्या नावात 'माफी' जाऊन 'मुक्ती' आली. शब्द चांगला आहे. पण पेरणीच्या तोंडावर घरात बियाणे नसेल, तर मुक्त झालेला शेतकरी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतो.

राहिला भाषांतराचा प्रश्न. मराठी बायबलने 'ऋण' राखले खरे, पण मराठीत ऋण म्हटले की देवऋण, पितृऋण, ऋणानुबंध हेच आधी आठवते. राळेगाव किंवा पांढरकवड्याचा शेतकरी कर्ज म्हणतो, देणे म्हणतो. आम्हां पालीच्या अभ्यासकांचे भाषांतर तरी कोठे निराळे आहे? अनाथपिण्डिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांपैकी 'अनणसुख' आम्हीही 'अनृणतेचे सुख' असे लिहून मोकळे होतो. वर्षावासात विहारात हे सुत्त वाचताना एकदा 'कर्ज नसल्याचे सुख' असे म्हणून पाहावे.