कानाची साक्ष

काही वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी एक लेख लिहिला होता. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची सीडी ऐकताना प्लेअर आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधली वायर बदलली, की खाँसाहेबांच्या आवाजाभोवतीचे धुके कसे विरते, याचे त्यात रसभरीत वर्णन होते. वायर 18,000 रुपयांची होती, हेही मी लिहिले होते आणि ते किंचित अभिमानानेच. महिन्याभराने एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. लेख वाचून त्यांनी तीच वायर घेतली होती. तक्रार अशी नव्हतीच. त्यांनी एवढेच विचारले होते, की मला काहीच फरक ऐकू येत नाही. वयाने माझे कान गेले असतील का?

या लेखाचे मूळ त्या पत्रात आहे.

श्रवणशौकिनांच्या जगात अशा वायरी म्हणजे अगदी सौम्य प्रकार. 1990 च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत सीडीची कड हिरव्या मार्करने रंगवायची टूम निघाली. इकडेतिकडे परावर्तित होणारा लेझरचा प्रकाश शाई शोषून घेते आणि आवाज सुधारतो, असा दावा होता. सीडी वाचणारा लेझर 780 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अवरक्त. आपल्याला हिरवी दिसणारी शाई त्याला कशी दिसेल, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. रंगवण्याआधीचे आणि नंतरचे अंक एकास एक ताडून पाहता येत होते, तेही बहुतेकांनी केले नाही. त्याच्याही पुढे गेले लीड्सचे पीटर बेल्ट. उपकरणाच्या चार पायांपैकी एकाखाली कागदाचा तुकडा ठेवा, स्वतःचा फोटो फ्रीझरमध्ये ठेवा, आवाज सुधारेल, असे ते सांगत. बेल्ट यांना नुसते हसून सोडणे सोपे आहे. पण त्यांची एक गोष्ट मला प्रामाणिक वाटते. यंत्रात काही बदलते असे ते म्हणतच नव्हते. बदल ऐकणाऱ्यात होतो, म्हणून तो मापनयंत्रात सापडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

आता मुख्य प्रश्न. अशा उपायांना शास्त्रीय पुरावा हवाच का? दोन्ही पक्ष तावातावाने भांडतात आणि माझ्या मते दोघेही ‘पुरावा’ या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात. एक कारणमीमांसा, म्हणजे हे का घडते. दुसरी साक्ष, म्हणजे हे घडते तरी का.

कारणमीमांसा नसली तरी चालते, याचे उत्तम उदाहरण आपल्या मिरजेत आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. एखाद्या परक्या अभियंत्याला तो शुद्ध अंधश्रद्धेचा प्रकार वाटावा! पण धागा नेमक्या जागी आला, की जवारी उघडते आणि तार झणकारू लागते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये या वाद्यांवर लिहिले. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या स्वरांशांचा निःस्पंद बिंदू असतो, ते स्वरांश नेहमीच्या नियमानुसार उमटायला नकोत. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात, आणि याचे मूळ घोडीच्या वक्र पृष्ठभागाला तारेच्या होणाऱ्या स्पर्शात आहे, हे त्यांनी दाखवले. मिरजेच्या कारागिरांचे काम रामन यांच्या निबंधासाठी अडून राहिले नव्हते. पण त्यांना जी साक्ष लागत होती ती त्यांच्याजवळ होती. धागा आहे की नाही, हे पडद्यामागे बसलेल्या कोणालाही, अगदी गाणे न कळणाऱ्यालाही, ऐकून सांगता येते.

पहिल्या पिढीच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचेही असेच झाले. कागदावरचे विकृतीचे आकडे उत्तम होते आणि कान मात्र कुरकुरत होते. आकडे पूर्ण शक्तीवर मोजलेले, तर दोष हलक्या आवाजात होता. तिथे कान बरोबर ठरले. माझे शौकीन मित्र हे उदाहरण पुन्हापुन्हा देतात, आणि ते खरेही आहे. फक्त ते कानांच्या बाजूचे आहे. किंमतीच्या पट्टीकडे बघत ऐकणाऱ्या डोळ्यांच्या बाजूचे नाही.

डोळ्यांचा हा हस्तक्षेप केवढा असतो, हे फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये दाखवले. तेच स्पीकर, तेच श्रोते. समोर काय वाजते आहे ते दिसू लागताच पसंतीचे गुण बदलले. 2007 मध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणाची आणि सीडीच्या दर्जाला उतरवलेल्या त्याच ध्वनीची तुलना करवली. 554 प्रयत्नांत 276 उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेक. यावर आक्षेप येतो, की परीक्षेच्या ताणात सूक्ष्म फरक हरवतात. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. 2016 मध्ये जोशुआ रीस यांनी 18 प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा एकूण 52.3 टक्के उत्तरे बरोबर निघाली. प्रशिक्षित श्रोत्यांची त्याहून बरीच जास्त. फरक लहान, पण नाण्यापेक्षा वेगळा. मात्र तो सापडला तो परीक्षेतच! चाचणी सूक्ष्म फरक मारून टाकते, या म्हणण्याला मग किती अर्थ उरतो?

बेल्ट यांचा बचावही इथेच ढासळतो. बदल श्रोत्यात होत असेल तर मापनयंत्र नको, श्रोताच तपासा. फ्रीझरमध्ये फोटो कोणत्या दिवशी होता, हे न सांगता त्याला विचारा.

मला जास्त खुपते ते या क्षेत्रातले समीक्षालेखन. ‘पडदा दूर झाला’, ‘गायक खोलीत अवतरला’ ही त्याची ठरीव वाक्ये. गंमत म्हणजे ‘स्टिरिओफाइल’ हे मासिक 1962 मध्ये काढून या कानाने केलेल्या समीक्षेचा पाया घालणारे जे. गॉर्डन होल्ट हेच उतारवयात म्हणू लागले होते, की अंध चाचणीसारखी साधी शिस्त नाकारून या जगाने आपली पत घालवली. कवितेच्या समीक्षकाकडे आपण चाचणी मागत नाही, कारण ‘ही कविता मला भिडली’ हे वाक्य त्याच्याविषयीही असते. ‘या वायरीने आवाज बदलतो’ हे वाक्य वायरीविषयी आहे. पहिल्या वाक्याची सवलत दुसऱ्याला लावून घेण्याची चलाखी मीही केली होती.

पत्र आल्यावर एका मित्राच्या घरी आम्ही बसलो. त्याची मुलगी कपाटाआड नाणे उडवून वायर बदलत होती किंवा नुसतेच बदलल्याचे नाटक करत होती. तीच सीडी, तीच भैरवीतली ठुमरी. 16 फेऱ्यांत निदान 12 उत्तरे बरोबर आली, तर काही म्हणता आले असते. माझी 9 आली. सातव्या फेरीला तर मी ‘आता बघा, धुके गेले’ असे मोठ्याने म्हणालो होतो. साधी वायर चालू होती.

शिक्षकांना मी हे सगळे लिहून कळवले; तुमचे कान शाबूत आहेत, चूक माझी आहे, आणि वायरीचे पैसे मी देऊ इच्छितो, असेही लिहिले. त्यांचे कार्ड आले. पैशांचा उल्लेख नव्हता. ठुमरीची ती सीडी कोणत्या कंपनीची, आणि अजून मिळते का, एवढेच विचारले होते.