बिघाड-तक्त्यात नसलेली ओळ

सौर कुंपणयंत्राबरोबर मिळणारी एक माहितीपुस्तिका नुकतीच वाचनात आली. शेवटी 'बिघाड, कारण, उपाय' असा तक्ता आहे. अलार्म वाजला तर तारेला टेकलेले गवत कापा, फुटलेले इन्सुलेटर बदला, बॅटरी तपासा, असे त्यात सोप्या वाक्यांत सांगितले आहे. पण भामरागडच्या धानशेतकऱ्याला हवी असलेली ओळच त्यात नाही : 'अलार्म वाजला नाही, तरी रानडुकरे आत आली.'

हे कसे घडते? यंत्र साधारण सेकंदाला एक विद्युत स्पंद तारेत सोडते. दाब काही हजार व्होल्ट, पण स्पंद सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. म्हणून जनावर दचकून मागे फिरते. सहसा मरत नाही. मंडल असे पूर्ण होते : यंत्र, तार, जनावर, जमीन, अर्थिंगची सळई आणि पुन्हा यंत्र.

मॉनिटर पाहतो तो फक्त तारेतला दाब. ओले गवत टेकले की प्रवाह गळतो, दाब उतरतो, अलार्म वाजतो. मात्र मॉनिटर यंत्राजवळच बसवला असेल आणि तार पुढे कुठे तुटून अधांतरी राहिली, तर यंत्राजवळचा दाब उतरत नाही. पाऊस सरल्यावर, धान कापणीच्या सुमारास, वरची माती सुकते आणि तिचा रोध वाढतो. धक्का क्षीण होतो, तरी मॉनिटर गप्पच!

पुस्तिकेत दोन सूचना हव्या होत्या. एक, मॉनिटर तारेच्या दूरच्या टोकाला बसवावा. दुसरी, अर्थिंगची परीक्षा. यंत्र बंद करून, शंभरेक मीटरवर तारेला लोखंडी सळया टेकवून त्या जमिनीत रोवाव्यात. यंत्र सुरू केल्यावर तारेतला दाब 2000 व्होल्टच्या खाली यायला हवा. मग कुंपणाच्या व्होल्टमीटरने अर्थिंगच्या सळईवरचा दाब मोजावा. तो दोन-तीनशे व्होल्टच्या वर गेला, तर आणखी सळया ठोकणे आले.

ही उणीव क्षुल्लक नाही. कुंपणावरचा विश्वास उडाला की कोणी तारेत थेट घरगुती वीज सोडतो. तो प्रवाह अखंड असतो, सुटका होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ 2017 साली 'श्रीनिवास' हा वाघ अशाच तारेने गेला. अशा तारांनी माणसेही मरतात.

दोष एकट्या पुस्तिकेचा नाही. आपल्या वर्गातले विद्युतमंडल तारेत सुरू होते आणि तारेतच संपते. जमीन भेटते ती फक्त सुरक्षेच्या धड्यात. तेव्हा एवढे करून पाहा : कुंडीतल्या कोरड्या मातीत दोन खिळे वीतभर अंतरावर खोचा, मल्टिमीटरने रोध मोजा, पाणी घाला, पुन्हा मोजा. चालत्या कुंपणाला मात्र हात लावू देऊ नका. मग तक्त्यातली राहिलेली ओळ मुलांनाच लिहायला सांगा, मराठीत आणि घरी बोलतात त्या माडियातही. घरी ती वाचून दाखवणारे तेच असतील.