पुसता येणारी काशी

हिंदी कथाकार म्हणूनही परिचित असलेले चित्रकार रामकुमार १९६० साली हुसेन यांच्यासमवेत वाराणसीस गेले आणि त्यांच्या चित्रांतील माणूस हळूहळू नाहीसा झाला. उरले ते घाट, एकमेकींना टेकलेली घरे आणि त्यांच्यामधला करडा काळोख. हे परिवर्तन विषयाचे होते तितकेच माध्यमाचेही. चित्रकाराच्या सुरीने तैलरंग ओढला की खालचा थर थोडा खरवडला जातो आणि त्या खरवडण्यातच जीर्ण भिंतीचा पोत उमटतो. खरवडलेले मात्र परत मिळत नाही.

आज हेच घाट ग्राफिक्स टॅब्लेटवर रंगविले जातात. लेखणीचा दाब ओळखून रेषा जाड-बारीक करणे, दाट रंगाचा आभास निर्माण करणे त्या साधनाला उत्तम जमते. त्याची हेटाळणी करणारे, रेषा अखेर हाताचीच असते, हे सोयीस्करपणे विसरतात. आक्षेप वेगळा आहे. येथे प्रत्येक थर सुटा ठेवता येतो, प्रत्येक फटकारा मागे घेता येतो. सुरीचा परिणाम मिळतो. सुरीची जोखीम पत्करावी लागत नाही. पारंपरिक तंत्र म्हणजे निव्वळ पोत नव्हे. त्यामागे माघार नसलेला निर्णय असतो.

डेव्हिड हॉकनी यांनी २०११ साली आयपॅडवर यॉर्कशरचा वसंत रंगविला, तेव्हा पडद्यावरची सपाट, झगझगीत रेषा त्यांनी लपविली नाही. हा प्रामाणिकपणा मला तैलरंगाच्या हुबेहूब नकलेहून मोलाचा वाटतो. आणि एकाच थरावर, माघारीची सोय बंद ठेवून टॅब्लेटवर काम करणारा चित्रकार रामकुमारांच्या अधिक जवळ जातो, मग त्याच्या चित्रात घाट असो वा नसो.